खुर्ची हवी की सोबत?

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात आजी-आजोबा येतात ते सहसा नातवंडाचे निमित्त घेऊन. लस टोचून होते, वजन लिहून होते, आणि मंडळी दारापर्यंत जाऊन परत वळतात. ज्यासाठी ते खरे आलेले असतात तो प्रश्न तेव्हा निघतो. पूर्वी तो गुडघ्यांविषयी असे, क्वचित सुनेविषयी. अलीकडे तो बराच ठरावीक झाला आहे. "डॉक्टर, पुढच्या महिन्यात मुलाकडे निघालो आहोत. विमानतळावर व्हीलचेअर मिळावी म्हणून चिठ्ठी द्याल का?" विचारणारे गृहस्थ पुष्कळदा कमाटीबागेत रोज सकाळी न चुकता चार फेऱ्या मारणारे असतात.

ही मागणी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. आपण हसतो, चिठ्ठी लिहून देतो, किंवा "त्याला चिठ्ठी लागत नाही हो, तिकीट काढतानाच सांगायचे असते" असे म्हणून मोकळे होतो. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर बरोबरही आहे. परंतु मला वाटते, आपण डॉक्टर मंडळी येथे एक लक्षण पाहतो आणि निदान न करताच औषध देतो. धडधाकट माणूस खुर्ची मागतो तेव्हा त्याला काय होत असते, हे विचारण्याचे कष्ट आपण घेत नाही.

या विषयावर विनोद पुष्कळ झाले आहेत. विमानात चढताना तीस खुर्च्या लागतात आणि उतरताना त्यातले वीसजण टुणटुणीत चालू लागतात, हा किस्सा परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी सांगितलेला असतो. रांग चुकविण्यासाठी खुर्ची घेणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांच्याविषयी मला सहानुभूती नाही. पण माझ्या ओळखीतल्या आजी-आजोबांना रांगेचे भय नसते. रेशन, रॉकेल आणि गॅसच्या रांगांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना अर्ध्या तासाची रांग काय जड?

भय वेगळेच असते. आपल्या देशात तिकीट नसलेल्या माणसास विमानतळाच्या इमारतीत सहसा प्रवेश मिळत नाही. निरोप द्यायला आलेला मुलगा, पुतण्या, शेजारी, सगळे काचेच्या दाराबाहेर राहतात. ज्या वयात माणसाला बँकेतही कोणीतरी बरोबर लागते, त्या वयात आयुष्यातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या तीन तासांत तो एकाएकी एकटा पडतो. दारातला जवान पारपत्र मागतो. काउंटरवरची मुलगी सामानाचे वजन जास्त झाले म्हणते. इमिग्रेशनचा अधिकारी कोठे, कोणाकडे, किती दिवस, असे विचारतो. सुरक्षा-तपासणीत कमरेचा पट्टा काढावा लागतो आणि पिशवीतली लोणच्याची बरणी बाहेर येते. यांतल्या प्रत्येकाला आपल्याला अडविण्याचा अधिकार आहे. आपल्याला पुढे नेण्याची जबाबदारी मात्र यांतल्या कोणाचीच नाही.

या तीन तासांत चाळीस वर्षांचा संसार आवाज न चढवता केलेली जोडपीही एकमेकांवर खेकसताना मी पाहिली आहेत. "पासपोर्ट कुठे ठेवलास?" या प्रश्नात पासपोर्टाची चौकशी थोडी आणि स्वतःची भीती अधिक असते. बहुधा यजमानांना थोडे इंग्रजी येत असते, म्हणून सगळा भार ते स्वतःकडे घेतात. बाईंना सर्व समजत असते, पण त्यांना कोणी काही विचारत नाही. रक्तदाब दोघांचाही वाढतो.

पूर्वी यात आणखी एक परीक्षा होती, निर्गमन-पत्र भरण्याची. नाव, पारपत्र क्रमांक, विमानाचा क्रमांक, सगळे बारीक चौकटींत लिहायचे. चष्मा सामानात गेलेल्या कितीतरी आज्यांची ती पत्रे मी स्वतः उभ्या उभ्या भरून दिली आहेत. भारतीय नागरिकांसाठी हे पत्र १ जुलै २०१७ पासून बंद झाले. चांगलेच झाले. मात्र त्या कागदाच्या निमित्ताने अनोळखी माणसाला हाक मारून "जरा बघता का हो?" म्हणण्याची जी सोय होती, तीही गेली.

आता या भयावर विमान कंपन्यांकडे काय इलाज आहे ते पाहू. खुर्चीच्या मागणीसाठी जगभरच्या विमानसेवा जी सांकेतिक अक्षरे वापरतात, त्यांत तीन मुख्य प्रकार आहेत. डब्ल्यू-सी-एच-आर म्हणजे जिना चढू शकतो, विमानात चालू शकतो, पण लांब अंतर चालवत नाही असा प्रवासी. शेवटचे अक्षर एस असेल तर जिना चढवत नाही. सी असेल तर आसनापर्यंत उचलून न्यावे लागते. आपले ज्येष्ठ बहुतांशी पहिल्या प्रकारात नोंदले जातात. पण याच यादीत एम-ए-ए-एस असाही एक संकेत आहे, 'मीट अँड असिस्ट'. अर्थ एवढाच की प्रवाशाला भेटा आणि मदत करा. खुर्ची नको, बरोबर माणूस हवा. कागदावर ही सोय आहे. प्रत्यक्षात तिकीट काढून देणारा एजंट हा शब्द उच्चारत नाही, कारण त्याला खुर्चीची सवय आहे. कंपन्याही उत्साह दाखवत नाहीत. काही विमानतळांवर हीच सोबत पैसे भरून मिळते, आणि तिची रक्कम ऐकून आपला मध्यमवर्गीय माणूस पुन्हा फुकटच्या खुर्चीकडे वळतो.

या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, त्याचे कारण घरात आहे. माझ्या पत्नीला गेली चौदा वर्षे संधिवात आहे, आमवाताचा तो चिवट प्रकार, ज्यास आपण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो. औषधांमुळे तिची बोटे सुदैवाने वाकडी झालेली नाहीत. पावलांचे सांधे मात्र दोनशे पावलांनंतर बोलू लागतात. वय पन्नाशीचे, केस काळे, चेहरा हसरा. बसलेली असताना तिला काही झाले आहे असे कोणीही म्हणणार नाही.

मे २०२३ मध्ये आम्ही मुलीकडे इंग्लंडला निघालो. वडोदऱ्याहून दुपारच्या गाडीने बोरिवली, तेथून टॅक्सीने सहार. विमान उत्तररात्रीचे होते आणि आम्ही साडेतीन तास आधी पोहोचलो. खुर्चीची नोंद तिकिटाबरोबरच केलेली होती. सामान दिल्यावर आम्हाला एका कोपऱ्यात बसविण्यात आले. तेथे आमच्यासारखे वीस-बावीस जण होते आणि चाकाच्या खुर्च्या चार. मुंबईचे दोन क्रमांकाचे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले तेव्हा त्याच्या भव्यतेचे आपण सर्वांनी कौतुक केले होते. भव्यता ही पायांनी मोजायची वस्तू आहे, हे दुखऱ्या पायांच्या माणसालाच कळते.

पन्नास मिनिटे गेली. मी दोनदा पर्यवेक्षकाकडे जाऊन आलो. "मला खुर्ची द्या, मी ढकलतो" असेही सांगितले. ते नियमात बसत नव्हते. तिसऱ्या वेळी तो आमच्याबरोबर आला, त्याने पत्नीकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम तो ठीक लग रही हैं." पत्नी काही बोलली नाही. तिने पदर सावरला आणि मान खाली घातली. चौदा वर्षांत दुखण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलेले मी फार वेळा पाहिलेले नाही. त्या वाक्याने आले. अंगात आजार घेऊन हिंडणाऱ्या माणसाला आपण खोटे ठरलो याचे जे वाटते, त्याला कोणत्याही तपासणीत आकडा नाही. आणि त्या पर्यवेक्षकाला तरी किती दोष द्यावा? दिवसभरात त्याने खुर्चीतून उठून फोनवर फेऱ्या मारणारे पाच-दहा प्रवासी पाहिलेले असणार. जे खुर्ची निष्कारण घेतात, ते केवळ खुर्ची घेत नाहीत. दुसऱ्याच्या दुखण्यावरचा विश्वासही काढून घेतात.

आमच्या शेजारी सांगली जिल्ह्यातल्या एक आजी बसल्या होत्या. बहात्तर वर्षांच्या, नऊवारी, पायांत नवे कॅनव्हासचे बूट. आमच्याच विमानाने मुलाकडे निघाल्या होत्या, एकट्या. वयाचा मान म्हणून पुढची खुर्ची त्यांच्यासाठी आली. ती घेऊन आलेला मुलगा विशीतला, नालासोपाऱ्याहून कामाला येणारा. मी त्याला म्हटले, "अरे, एवढे मोठे विमानतळ आणि चारच खुर्च्या?" तो म्हणाला, "खुर्च्या आहेत हो काका, मागे रांगेत उभ्या आहेत. ढकलायला माणसं नाहीत."

आजींनी आमचे सगळे बोलणे ऐकलेले होते. त्या उठल्या आणि पत्नीला म्हणाल्या, "बाई, तुमी बसा. मला चालाया काय हुतंय? रोज मळ्यात जाती-येती मी. पायाला काय बी झालेलं न्हाई. पर वाट कळत न्हाई, म्हनून लेकानं बजावलंय, खुर्चीतनं उठू नगंस, न्हाईतर चुकशील."

पर्यवेक्षकाला हे पसंत पडले नाही. खुर्ची त्यांच्या नावावर होती, सही त्यांची लागणार होती. तो मुलगाच मधे पडला आणि दोन्ही नावे एका कागदावर लिहून घेतली. मग आमची वरात निघाली. खुर्चीत माझी पत्नी, मागे तो मुलगा, तिन्ही पिशव्या घेऊन मी, आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरून आजी. विमानाच्या दारापर्यंत त्यांनी तो दांडा सोडला नाही. चालण्यात त्या माझ्या पुढे होत्या. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने हिंदीत विचारले तेव्हा त्या गोंधळल्या. मुलाने तोच प्रश्न मराठीत विचारला, आजींनी मुलाचे नाव, गाव आणि सुनेला कितवा महिना आहे तेही सांगितले, अधिकारी हसला आणि शिक्का बसला. सुरक्षा-तपासणीत बूट काढायचे की नाही, हे त्याने त्यांना हळूच सांगितले. आजींना त्या रात्री लागली ती मदत एवढीच. त्यासाठी चाकांची गरज नव्हती.

विमानात बसल्यावर पत्नी म्हणाली, "यांना खुर्ची दिली नसती तरी चाललं असतं. तो मुलगा मिळाला नसता, तर त्या दारातूनच परत गेल्या असत्या."

लंडनला उतरलो तेव्हा व्यवस्थेतला एक फरक ध्यानात आला. त्याविषयी नंतर मी थोडे वाचले. आपल्याकडे खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस पुरविणे हे मुख्यतः विमान कंपनीचे काम आहे, आणि ती ते दुसऱ्या एखाद्या संस्थेकडून करून घेते. त्यामुळे एका कंपनीचे वीस प्रवासी ताटकळत असताना पलीकडच्या कंपनीची माणसे मोकळी बसलेली असू शकतात. युरोपीय संघाने २००६ साली केलेल्या एका कायद्याने विमानतळावरची ही मदत विमानतळ चालविणाऱ्या संस्थेवर सोपविली. जुलै २००८ पासून ती तशी चालते आणि इंग्लंडने संघाबाहेर पडल्यावरही ती पद्धत ठेवली. तेथे सर्व आबादीआबाद आहे असे नव्हे. आम्हाला तेथेही वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागले. पण सगळ्या कंपन्यांची गरज एकत्र मोजून एकाच ठिकाणाहून माणसे पाठविणे, हे कोणत्याही मोठ्या रुग्णालयातल्या वॉर्डबॉयच्या नियोजनाइतके साधे तत्त्व आहे. आपल्या नागरी विमान खात्याने ते उचलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही, याची खूण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच मुंबई विमानतळावर मिळाली. न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन खुर्च्यांची नोंद केली होती. मिळाली एक. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ तिच्याबरोबर चालत निघाले, इमिग्रेशनच्या जवळ कोसळले आणि वारले. नियामकांनी त्या कंपनीला तीस लाख रुपये दंड केला. दंड योग्यच होता. परंतु दंडाने खुर्च्या ढकलणारी माणसे वाढत नाहीत, आणि ज्यांना खुर्ची नको, केवळ सोबत हवी, ते रांगेतून कमीही होत नाहीत. त्या आजोबांनी स्वतः चालून पत्नीला खुर्ची द्यावी, हे आपल्या पिढीतल्या कोणत्याही नवऱ्याला अगदी स्वाभाविक वाटेल. म्हणूनच ती बातमी मला वाचवेना.

आता थोडे वैद्यकीय. दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांच्या खोल शिरांत रक्त साकळते, आणि ते विमान प्रवासातही घडते, हे जॉन होमन्स या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९५४ साली नोंदविले. चार तासांहून अधिक लांबच्या प्रवासानंतर या विकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात आहे. मूळ धोका लहान असल्याने घाबरण्याचे कारण नाही. तरीही नऊ-दहा तास आसनात अडकून पडणार असलेल्या, पाय शाबूत असलेल्या सत्तरीच्या माणसाला त्याआधीचे तीन तासही खुर्चीत बसवून ठेवणे, हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने उफराटे आहे. त्याला त्या तीन तासांत जितके चालता येईल तितके चालू द्यावे. 'खुर्चीतून उठू नकोस' हा मुलाचा सल्ला प्रेमाचा असतो, पण तो आपण डॉक्टरांनी बदलायला हवा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. हृदय अशक्त झालेला, फुप्फुसे निकामी होत चाललेला, किंवा माझ्या पत्नीसारखा सांध्यांचा रुग्ण वरून ठणठणीत दिसू शकतो. त्याने खुर्ची मागताना संकोच करता कामा नये. नजरेने निदान करायचे नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. विमानतळावर तेच घडते. माझ्या क्षेत्रातले एक उदाहरण देतो. स्वमग्न मुलांना विमानतळाचा गोंगाट असह्य होतो, पण ती दिसायला इतर मुलांसारखीच असल्याने आई-बापांना बोलणी खावी लागतात. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळाने अशा न दिसणाऱ्या अडचणींसाठी सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू केली. आता ती भारतातील काही मोठ्या विमानतळांवरही मिळते. ती घातलेल्या प्रवाशाला कर्मचारी कारण न विचारता थोडा अधिक वेळ आणि मदत देतात. माझ्या दोन बालरुग्णांच्या पालकांना मी ती घ्यायला सांगितली आणि त्यांचा प्रवास सुखाचा झाला. भाषा न येणे हा आजार नव्हे, तेव्हा आजींच्या गळ्यात ती पट्टी घालता येणार नाही. परंतु मदतीसाठी चाके असलीच पाहिजेत असे नाही, हे त्या पट्टीने व्यवस्थेला एकदा मान्य करायला लावले आहे.

मग आपल्या हातात काय आहे? चिठ्ठी मागायला येणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत. न थांबता किती चालता? आणि विमानतळावर तुम्हाला नक्की कशाची धास्ती वाटते? पहिल्या उत्तरात अडचण दिसली तर खुर्ची सांगावी, आणि चिठ्ठीही चांगली लिहावी. निदान, किती अंतर चालवते, जिना चढवतो की नाही, आणि औषधांची मूळ नावे ठळक अक्षरांत. तशी नावे लिहिण्याची सूचना भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१६ सालीच आपल्याला केलेली आहे. आपले अक्षर औषधाच्या दुकानदाराला लागते, परदेशातल्या सुरक्षारक्षकाला लागत नाही. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, हे तर सांगायलाच हवे. इन्सुलिन घेणाऱ्याला दोनदा सांगावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते.

अडचण दुसऱ्या उत्तरात असेल तर चिठ्ठी देऊ नये. तिकीट काढणाऱ्या मुलाला फोन लावून 'मीट अँड असिस्ट' मागायला सांगावे. कंपनीने टाळाटाळ केली तर पुन्हा मागायला सांगावे. मागणी नोंदली गेल्याशिवाय ती आहे हे कोणाला कळणार? आणि बरोबर एक जाड कागद द्यावा. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत विमानाचा क्रमांक, उतरल्यावर घ्यायला येणाऱ्याचे नाव व दूरध्वनी, आणि "मला इंग्रजी येत नाही, मराठी, गुजराती व हिंदी येते" हे वाक्य असावे. असे कागद मी गेल्या वर्षभरात आठ-दहा जणांना दिले. एका आजोबांनी तो परत आल्यावर लॅमिनेट करून घेतला आणि पुढल्या खेपेसाठी कपाटात ठेवला आहे.

आपल्या मंडळातील बरेच सभासद वर्षातून एकदा तरी परदेशी जातात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक संध्याकाळ काढली, तर पहिल्यांदा निघणाऱ्या ज्येष्ठांना निर्गमनाचा सगळा क्रम समोर बसवून सांगता येईल. कोठे काय काढायचे, कोण काय विचारतो, काय विचारल्यावर घाबरायचे नाही. जोडप्यांनी एकत्र यावे, आणि कागदपत्रांची पिशवी त्या संध्याकाळपुरती बाईंच्या हातात असावी, एवढी माझी अट आहे. कागदाचा मराठी आणि इंग्रजी मसुदा माझ्याकडे तयार आहे. गुजराती मसुद्याचे काम कोणी सभासदाने अंगावर घेतल्यास एप्रिलच्या सभेपूर्वी छापून घेता येईल.